तालमीचा पर्चा

मध्यभारत मोडून नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, त्याच हिवाळ्यात मी ग्वाल्हेरमधल्या दौलतगंजच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. माझी ती पहिलीच नेमणूक. दवाखानाही नुकताच जुळवलेला होता. एक नगरपालिकेचा आणि एक संस्थानाच्या काळचा, असे दोन दवाखाने एका छताखाली आणले होते. त्यामुळे कंपाउंडर दोन, औषधांची कपाटं दोन आणि रजिस्टरंही दोन तऱ्हांची. डॉक्टर मात्र एक. पुरुषांना तपासणारे डॉक्टर बदली होऊन गेले, त्यांच्या जागी कोणी येईना. मग बायका आणि पुरुष, दोघांची रांग माझ्याच टेबलासमोर लागायची.

त्या दिवसांत शहराच्या लश्कर भागात कचेऱ्यांमधली पुष्कळ माणसं रिकामी झाली होती. कचेऱ्या भोपाळला गेल्या, टेबलं-खुर्च्यासुद्धा गेल्या, पण कारकून मागे राहिले. कोणाचा बदलीचा हुकूम आला नव्हता, कोणाचा अडकला होता. पूर्वी दोन वेळा पायी कचेरीत जाणारी माणसं आता दिवसभर घरी बसून हुकमाची वाट बघत. मग त्यांची पाठ दुखे, पोट सुटे, झोप उडे आणि ती माझ्याकडे टॉनिक मागायला येत.

त्यांतच एक काका होते. पन्नाशी उलटलेली, तीस वर्षं दफ्तरखान्यात नोकरी केलेली. पहिल्यांदा आले तेव्हा दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. त्यांची लघवी तपासली. तेव्हा साखर बघायची पद्धत सोपी होती. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. साखर नसेल तर रंग निळाच राहतो, थोडी असेल तर हिरवा होतो, मग पिवळा, आणि फार असेल तर विटेसारखा लाल. काकांची नळी नारिंगी झाली.

मी त्यांना गोड आणि भात कमी करायला सांगितलं आणि म्हटलं, "काका, जरा व्यायाम करत जा."

"कोणता?"

"कोणताही. हलका."

काका उठले नाहीत. टेबलावरचा पर्चा त्यांनी माझ्याकडे सरकवला. आमच्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीला सगळे पर्चाच म्हणतात.

"डॉक्टरबाई, औषध देता तेव्हा किती, केव्हा, कशाबरोबर, सगळं लिहून देता. व्यायाम मात्र तोंडी सांगता. तोंडी हुकमावर मी जन्मात काही केलेलं नाही. लेखी द्या."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा गंभीर होता. मी लिहिलं, 'रोज सकाळी तालमीत जाणे. हलका व्यायाम. पंधरा दिवस.' खाली सही केली. काकांनी शिक्काही मारून घेतला आणि पर्चा घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. पर्च्याच्या मागे कोणीतरी बोथट पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'छाती तपासली काय? गुडघे कसे? हलका म्हणजे किती? कळवल्याशिवाय घेणार नाही.'

"हे कोणी लिहिलं?"

"वस्तादांनी. मला आत पाऊल टाकू दिलं नाही."

खरं सांगते, आधी मला राग आला. एक तालमीचा वस्ताद डॉक्टरला प्रश्न विचारतो म्हणजे काय. पण दुपारभर तो कागद टेबलावर पडून होता, आणि येता-जाता मी तो वाचत होते. तिन्ही प्रश्न बरोबर होते. त्यांतल्या एकाचंही उत्तर मी पर्च्यावर दिलं नव्हतं. संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर मी काकांना घेऊन तालमीकडे निघाले.

तालीम दोन गल्ल्या सोडून होती. बायकांना आत जायची परवानगी नव्हती, म्हणून वस्तादच बाहेर ओट्यावर आले. साठीचे, रुंद खांद्यांचे, फौजेतल्या घराण्यातले. त्यांचं घर तालमीला लागूनच होतं. त्यांच्या बायकोने आतून दोन पाट आणून ठेवले आणि ती दाराशी उभी राहिली.

"तुमचा हलका म्हणजे किती?" वस्तादांनी विचारलं. "माझ्याकडे हलका म्हणजे शंभर बैठका."

"शंभर?"

"जवान पोराला. यांना दहा जमल्या तरी मी मारुतीला नारळ फोडीन."

मी म्हटलं, "मग तुम्हीच ठरवा की. मला कशाला विचारता?"

वस्ताद ओट्याच्या कडेला बसले. मग त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी एका वैद्याने एका माणसाला असंच तोंडी सांगितलं होतं, जा, तालमीत जा. तो आला, वस्तादांनी त्याला इतरांसारखा व्यायाम दिला, आणि तिसऱ्या दिवशी तो लाल मातीत चक्कर येऊन पडला. वाचला, पण गल्लीने वस्तादांनाच बोल लावला. "त्या माणसाच्या छातीत काय होतं, ते वैद्याला ठाऊक होतं. मला नव्हतं. मला कोणी सांगितलंच नाही. मी हाडवैरी आहे का कोणाचा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्हा दोघांना एकाच माणसाची अर्धी-अर्धी माहिती असते. मी त्यांना काकांच्या मनगटावरची नाडी मोजायला शिकवली. ते माझ्या घड्याळाकडे बघून मोजत होते, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर आली. मग ते म्हणाले, "आता माझं ऐका. बैठका मारता मारता माणसाला बोलता आलं पाहिजे. मी त्याच्या घरची चौकशी करतो. बायको काय म्हणते, मुलगा काय शिकतो. पूर्ण वाक्य बोलला तर चालू दे. शब्द तुटायला लागले की बस म्हणतो."

हे मला कुठल्याही पुस्तकात भेटलं नव्हतं. मी ते तिथेच ओट्यावर वहीत लिहून घेतलं. घरी परतताना मी इतकी भराभर चालत होते की काका मागून म्हणाले, "बाई, माझी बैठक अजून सुरू व्हायची आहे, जरा हळू."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही चौघं दवाखान्यात बसलो. मी, वस्ताद, काका आणि आमची सिस्टर. सिस्टर भिंडकडची, गल्लीतल्या घराघरांत बाळंतपणं केलेली, हिंदीतच बोलणारी, आणि कोणाचीही भीड न धरणारी. काका घरून एक नमुना तयार करून आले होते. फुलस्केप कागद मधोमध दुमडलेला. डाव्या बाजूला मी लिहायचं, रोग कोणता, काय करू द्यायचं, काय अजिबात नाही. उजव्या बाजूला वस्तादांनी, काय दिलं, कसं झेपलं, काय खटकलं. पंधरा दिवसांनी तोच कागद रोग्याबरोबर परत माझ्याकडे. काकांच्या अंगात त्या सकाळी उत्साह नुसता सळसळत होता. महिनोन्‌महिने त्यांना कोणी एक कागद लिहायला दिला नव्हता. त्यांनी तीस प्रती स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या.

सिस्टरने एक प्रत उलटसुलट करून पाहिली. "काग़ज़ तो बढ़िया है," ती म्हणाली. "पर जाएगा कौन?"

तिचं म्हणणं खरं ठरलं. पहिल्या पंधरवड्यात मी सहा जणांना पर्चे दिले. पंधरा दिवसांनी एकच कागद परत आला, काकांचा. बाकी पाचजण एक-दोनदा गेले किंवा गेलेच नाहीत. मी हिरमुसले. माणसं आळशी असतात, असं काहीतरी मी म्हटलं असावं. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, चप्पल घातली आणि ती पाचही घरी जाऊन आली.

परत येऊन तिने जे सांगितलं ते ऐकताना मला लाज वाटली. दोघांच्या गल्लीत नळाला सकाळी नेमकं त्याच वेळी पाणी येई, आणि पाणी भरणारे तेच होते. एकाला लंगोट लावून चार पोरांसमोर उभं राहावं लागलं होतं, आणि त्याच्या पोटाकडे बघून पोरं हसली होती. चौथ्याचं म्हणणं, बिना दवा का पर्चा म्हणजे डॉक्टरीणबाईंनी आपल्याला टाळलं. पाचवा म्हणाला, एकट्याने जायला कसंसंच होतं.

त्यावर रविवारी पुन्हा बसलो. वस्तादांनी मुकाट्याने कबूल केलं की पर्चेवाल्यांनी पायजमा घातला तरी चालेल, आणि त्यांच्यासाठी संध्याकाळची वेगळी वेळ ठेवू, पोरं गेल्यावर. मी ठरवलं की मिक्श्चरची बाटली आणि पर्चा एकाच वेळी, एकाच हाताने द्यायचा. राहिला एकटेपणा. काका म्हणाले, "मी जाता जाता सगळ्यांना हाक मारत जाईन. माझ्या वाटेवरच आहेत."

एकाचंही घर त्यांच्या वाटेवर नव्हतं. पण रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास काका छत्री घेऊन निघत, दारोदार हाका मारत, आणि तालमीपर्यंत पोहोचताना मागे सहा-सात जण असत. चालणं तिथेच अर्ध्या कोसाचं होऊन जाई.

आता कागद परत येऊ लागले. ते दिवस आठवले की अजून माझ्या अंगात हुशारी येते. मी सकाळी दवाखान्यात पोहोचण्याआधी काका बाकावर बसलेले असत. दर पंधरा दिवसांनी त्यांची नळी दिव्यावर चढे. दोन्ही कंपाउंडर, जे एरवी एकमेकांशी बोलत नसत, ते दोन बाजूंनी वाकून बघत. एकदा पिवळी. पुन्हा पिवळी. मग एका सकाळी द्रावण उकळलं, मी नळी उजेडात धरली, आणि ती हिरवी होती. स्वच्छ पोपटी हिरवी. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "याची नोंद करून घ्या." दोन्ही कंपाउंडरांनी आपापल्या रजिस्टरात नोंद केली.

त्याच सुमारास एका हलवायाचा पर्चा मुदतीच्या आधीच परत आला. बरोबर हलवाई आणि स्वतः वस्ताद, टांग्यातून. मी त्याला तपासलं होतं तेव्हा मला काही आढळलं नव्हतं. वस्तादांनी उजव्या बाजूला लिहिलं होतं, 'सहाव्या बैठकीला शब्द तुटले. घाम थंड. डाव्या हाताला मुंग्या सांगतो. थांबवले.' मी त्याला त्याच टांग्याने मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे हृदयाचं दुखणं निघालं. वेळेवर आला म्हणून वाचला, असं तिथल्या डॉक्टरांनी कळवलं. मी वस्तादांना हे सांगायला गेले तेव्हा ते आत जाऊन मारुतीला नमस्कार करून आले, आणि परत येऊन म्हणाले, "यावेळी मला माहीत होतं काय बघायचं ते."

बायकांची गोष्ट मात्र आमच्या डोक्यातच आली नव्हती. ती रांगेतूनच आली. फौजी घरातल्या एक विधवा बाई कंबरदुखीसाठी महिन्यातून दोनदा येत. एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावरचे दुमडलेले कागद पाहिले.

"हे सगळे पुरुषांचे?"

"हो."

"आणि आम्हाला नुसत्या गोळ्या? आमच्या कमरा काय लोखंडाच्या आहेत?"

मी तो प्रश्न जसाच्या तसा तालमीच्या ओट्यावर नेला. वस्तादांनी मान हलवली. "तालमीत बायका नाहीत. माझ्या गुरूंचा नियम आहे. तो मी नाही मोडणार."

पहिल्या दिवशी पाट आणून देणाऱ्या त्यांच्या पत्नी तेव्हाही दाराशीच होत्या. मी त्यांना काकू म्हणत असे, पण त्यांच्याशी चहापलीकडे कधी बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "तालमीत नकोच. दवाखान्यामागे अंगण आहे नं?"

"आहे. पण शिकवणार कोण?"

"मी."

वस्तादांनी वळून पाहिलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून तालीम बघते," काकू म्हणाल्या. "कोणाचा गुडघा आत वळतो, कोण पाठ चोरतो, मला इथून दिसतं. यांना संध्याकाळी जेवताना सांगते, तेव्हा यांना कळतं."

मी वस्तादांकडे पाहिलं. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ती खोटं नाही बोलत."

दुपारी दवाखाना बंद असे तेव्हा मागच्या अंगणात आमचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी सिस्टरने अकरा बायका जमवल्या. नऊवारीतल्या मराठी बायका, घूंघट घेतलेल्या हिंदी बायका, आणि त्या विधवा बाई सगळ्यांत पुढे. सुरुवातीला नुसतं हसणंच चाललं होतं. काकूंनी हसू दिलं. मग त्यांनी कोणालाही व्यायाम हा शब्द न सांगता विचारलं, विहिरीतून पोहरा कसा ओढता, दाखवा. सगळ्यांनी हात उचलले. जातं कसं फिरवता. सगळ्या बसल्या. आता तेच, पण पाठ सरळ ठेवून, श्वास सोडत, आणि उलट्या दिशेनेही. अर्ध्या तासात घूंघट मागे गेले होते.

मी खांबाला टेकून कौतुकाने बघत होते. काकूंनी मला बोट दाखवलं.

"डॉक्टरबाई, तुम्ही पण. मांडी घालून बसा, आणि हात न टेकता उठा."

मी बसले. उठता आलं नाही. दुसऱ्यांदा जोर केला तर शेजारच्या बाईच्या अंगावर कलंडले. साठीला आलेल्या काकू हात न टेकता चारदा उठल्या-बसल्या. त्या दिवसापासून मीही शेवटच्या ओळीत उभी राहू लागले. रोग्यांना जे लिहून देते ते आपण स्वतः कधीच केलेलं नाही, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

हे सगळं आम्ही कोणाला विचारून केलेलं नव्हतं. नवं राज्य जुळवताना चार ठिकाणचे कायदे एकत्र आले होते, आणि कुठला नियम चालू, कुठला रद्द, हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. त्या गोंधळात आमचं चाललं होतं. मग एके दुपारी जीप येऊन थांबली. विभागाचे नवे अधिकारी, जबलपूरकडचे पण मराठी जाणणारे, तपासणीला आले होते. दवाखाना बंद, पुढे कोणी नाही, आणि मागच्या अंगणात वीसेक बायका हवेत जातं फिरवताहेत. साहेब दारात उभे राहून बघत राहिले.

"यह क्या है?"

मी पदर सारखा करत पुढे गेले आणि सांगितलं. ते म्हणाले, "किस नियम के अंतर्गत?"

तेवढ्यात सिस्टर काकांना घरून बोलावून घेऊन आली. काका कोट घालूनच आले, बगलेत परत आलेल्या कागदांची फाईल. त्यांनी साहेबांना खुर्ची दिली, फाईल समोर उघडून ठेवली आणि दोन पावलं मागे उभे राहिले.

साहेबांनी एकेक कागद वाचायला सुरुवात केली. डावी बाजू, उजवी बाजू. हलवायाच्या कागदाशी ते थांबले. तो त्यांनी दोनदा वाचला.

"यह किसने लिखा?"

"तालमीच्या वस्तादांनी," मी सांगितलं.

"डॉक्टर नहीं हैं?"

"नाहीत."

"और आदमी?"

"दुकानात बसतो पुन्हा. जिलबी तळतो."

मग विधवा बाई आपण होऊनच बोलल्या. त्यांच्या हिंदीत अर्धी मराठी होती. "साब, दो बरस से मैं देवळाची पायरी नहीं चढ़ी थी. अब चढ़ती हूँ." साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन काढलं, फाईलीच्या पहिल्या पानावर एकच शब्द लिहिला, सही केली, आणि चहा न घेता जीपमध्ये बसले.

शब्द होता 'देखा'.

"म्हणजे काय?" मी काकांना विचारलं. "परवानगी दिली की नाही?"

काका ते पान छातीशी धरून उभे होते. "बाई, अधिकाऱ्याने बंद करा लिहिलं तर बंद. काही लिहिलं नाही तर उद्या दुसरा येऊन बंद करील. पण 'देखा' म्हणजे सरकारने पाहिलं आणि हरकत घेतली नाही. आता हे बंद करायला वेगळा हुकूम लागेल. आणि तसा हुकूम कोण काढतंय?" मग ते ओट्यावर बसले आणि इतक्या मोकळेपणी हसले की काकू, सिस्टर, सगळ्याच हसायला लागल्या.

उन्हाळ्यात काकांचा स्वतःचा हुकूम आला, भोपाळचा. ज्याची इतके महिने वाट पाहिली तो हातात पडल्यावर त्यांनी तो दोन दिवस नुसता खिशात ठेवला. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तालमीत बैठका मारल्या. वस्ताद त्यांना भोपाळच्या घराबद्दल विचारत होते आणि काका पूर्ण वाक्यांत उत्तरं देत होते. महिन्याभराने त्यांचं पत्र आलं. नव्या सरकारी क्वार्टरांजवळ तालीम नव्हती, पण ग्वाल्हेरहून आलेले बरेच कारकून होते, आणि त्यांना घेऊन ते संध्याकाळी टेकडीपर्यंत जात होते. तिथल्या दवाखान्यातले डॉक्टर भेटायला तयार झाले आहेत, असंही लिहिलं होतं.

मी दौलतगंजला आणखी काही वर्षं होते. मग माझी बदली जवळच्याच मुरारला झाली. रुजू होऊन आठवडा झाला असेल, एका दुपारी दारात टांगा थांबला. आतून काकू उतरल्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. मला काही न विचारता त्या दवाखान्याच्या मागे गेल्या. मागे मोकळी जागा होती, पण खडकाळ, काट्याकुट्यांनी भरलेली.

"हे किती दिवसांत साफ होईल?" मी विचारलं.

काकूंनी तांब्या भिंतीशी ठेवला, पदर खोचला आणि वाकून पहिला दगड उचलला.

"तुम्ही त्या टोकापासून या," त्या म्हणाल्या.